मुक्कामाचा हिशेब

आमच्या दहावीच्या तुकडीच्या पहिल्या स्नेहसंमेलनात सकाळी साडेनऊला शिक्षकांचा सत्कार ठरला होता. तो सुरू झाला पावणेबाराला. ऐंशी ओलांडलेले दोन सर आणि एक बाई मांडवात खुर्च्यांवर बसून होते, आणि आम्ही, त्यांचे पन्नाशी उलटलेले विद्यार्थी, खांद्यावर पंचे टाकून न्हाणीघरांबाहेर रांगेत उभे होतो.

कोकणातल्या एका घरगुती निवासात आम्ही चाळीस जण उतरलो होतो. न्हाणीघरं चार. जागा ठरवताना हिशेब झालाच नव्हता असं नाही. एका न्हाणीघरामागे दहा जण, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच तास. सहाला सुरुवात केली की साडेआठला सगळे तयार. कागदावर चोख बसत होतं. गिझर मात्र कुणी मोजला नव्हता. पंधरा लिटरच्या, दोन किलोवॅटच्या गिझरला थंडीतलं २० अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण वीस मिनिटं लागतात. अंगाला सोसेल अशी ४० अंशांची बादली भरायची तर निम्मं कढत आणि निम्मं गार पाणी लागतं. वीस लिटरची बादली धरली तर एकदा तापलेल्या गिझरातून जेमतेम दीड बादली निघते. पहिल्याची आंघोळ झाली की दुसऱ्याने पाणी तापायची वाट बघायची. अडीच तासांचे पाच तास झाले ते असे.

जागा स्वस्त होती: राहणं, दोन जेवणं आणि नाश्ता धरून माणसी १,४०० रुपये. त्या दरावर आम्ही खूश होतो. मांडवात वाट बघत बसलेल्या सरांचे चेहरे आठवले की आजही मला तो दर महाग वाटतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. घाटमाथ्यावरचं एक मोठं रिसॉर्ट ठरलं. दोघांत एक खोली, प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर, पोहण्याचा तलाव, रात्री हिरवळीवर जेवण. दोन रात्रींचे माणसी ६,५०० रुपये, येणं-जाणं वेगळं. सोयीबद्दल बोट ठेवायला जागा नव्हती. पण आले तेवीस जण. बाकीच्यांनी ग्रुपवर कारणं लिहिली होती: शेतावर काम आहे, पाहुणे येणार आहेत, आईला बरं नाही. आम्ही ती कारणं खरी मानली. पुढे एका लग्नात त्यातला एक भेटला. एसटीत चालक आहे. तो म्हणाला, “अरे, नवरा-बायको दोघांचे मिळून तेरा हजार. तेवढ्यात पोराची कॉलेजची फी भरली मी. ग्रुपवर काय लिहिणार होतो?”

या दोन वर्षांनी मला जे शिकवलं ते या प्रकरणात सांगायचं आहे. गटासाठी जागा निवडताना आपण नकळत सरासरी माणूस डोळ्यांसमोर धरतो: त्याला दर परवडतो, तो जिना चढतो, गादी खाली घातली तरी झोपतो. प्रत्यक्षात दोन माणसांनी निर्णय घडवायला हवा. एक, जिच्या शरीराला सर्वांत जास्त सोय लागते ती व्यक्ती. दुसरी, जिच्या खिशाला सर्वांत कमी झेपतं ती. पहिलीसाठी सोयीची खालची मर्यादा ठरवायची, दुसरीसाठी खर्चाची वरची. या दोन रेषांच्या मध्ये जी जागा बसते ती आपली. कधीकधी मध्ये जागाच उरत नाही. तेव्हा मुक्काम सोडून एक दिवसाचा मेळावा करावा, पण रेषा हलवू नयेत.

पहिल्या रेषेपासून सुरुवात करू. पंचावन्न-साठीच्या चाळीस माणसांत काय काय असतं ते एकदा मोकळेपणाने विचारून बघा. गुडघ्यांमुळे उकिडवं बसता येत नाही असे सात-आठ जण निघतातच. त्यांना भारतीय पद्धतीचा संडास चालत नाही, कमोडच लागतो. मधुमेहवाल्यांना आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. संडास अंगण ओलांडून असेल तर तेवढ्यांदा अंधारात पायऱ्या उतरणं आलं. कुणाला इन्सुलिन ठेवायला फ्रिज लागतो. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्रभर यंत्र लावणाऱ्याला उशाजवळ प्लग लागतो आणि वीज गेली तर पर्याय लागतो. यातलं काहीही ऐषारामाचं नाही. पण हे ग्रुपवर विचारलं तर कुणी लिहीत नाही. ‘मला काहीही चालेल’ असंच सगळे लिहितात.

बायकांच्या बाबतीत तर ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. आमच्या पहिल्या संमेलनाला अकरा वर्गमैत्रिणी आल्या होत्या. त्यातल्या चौघी संध्याकाळीच परत निघाल्या. घरून फोन आला, सासूबाईंना बरं नाही, असं काहीबाही सांगितलं. खरं कारण एकीने पुढे माझ्या बायकोला सांगितलं: बायकांच्या खोलीच्या न्हाणीघराला आतून कडी नीट बसत नव्हती आणि संडास पुरुषांच्या खोल्यांपुढून जाऊन होता. चाळीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणी एका कडीपायी रात्रीच्या गप्पांना मुकल्या. नवी कडी शंभर-दीडशे रुपयांत बसली असती. जागा बघायला आमच्यातले तीन पुरुष गेले होते. त्यांच्या ते लक्षातच आलं नाही.

इथे एक गल्लत दूर केली पाहिजे. सोय म्हणजे महाग आणि स्वस्त म्हणजे गैरसोय, असं समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते चूक आहे, हे आपल्याच प्रदेशाने दाखवून दिलं आहे. शेगावच्या गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात राहून आलेल्या कुणालाही विचारा. माफक देणगीत मिळणारी साधी खोली, पण फरशी, चादर आणि संडास स्वच्छ. ती व्यवस्था चालते सेवेकऱ्यांच्या शिस्तीवर. त्याच्याही आधी, ज्यांच्या हातात कायम खराटा असे त्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. गरीब यात्रेकरूला डोक्यावर छप्पर आणि पायाखाली स्वच्छ जमीन मिळावी, एवढाच त्यामागचा विचार. स्वतःसाठी त्यांनी झोपडीही बांधली नाही.

जर्मनीतही असाच एक शिक्षक होऊन गेला. रिशार्ड शिरमान त्याचं नाव. १९०९ च्या उन्हाळ्यात तो मुलांना घेऊन पायी सहलीला निघाला असताना वादळी पावसात सापडला, आणि सगळ्यांना एका गावातल्या शाळेत गवतावर रात्र काढावी लागली. सुट्टीत देशभरातल्या शाळा रिकाम्याच असतात, मग पायी फिरणाऱ्या मुलांना तिथे झोपायला का मिळू नये, हा विचार त्याला त्या रात्री सुचला. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात कायमचं युवा वसतिगृह सुरू झालं, आणि तिथून ही चळवळ जगभर पसरली. आपल्याकडची यूथ होस्टेल्स तिचीच शाखा. शिरमानचं वैशिष्ट्य मला असं वाटतं, की गटाला रात्री नेमकं काय लागतं हे त्याने ओळखलं. पलंग, पाणी, स्वच्छता आणि दाराला कडी. बाकीचं सगळं त्याने बाजूला ठेवलं.

जागांचे दरपत्रक वाचताना मी हीच फोड करतो. पोहण्याचा तलाव, हिरवळ, खिडकीतून दिसणारी दरी, स्वागताला शहाळं, जेवणात अकरा पदार्थ, या सगळ्याचे पैसे आपण भरतो. गटाचा कार्यक्रम दिवसभर हॉलमध्ये असेल तर दरीकडे बघायला वेळ कुणाला मिळतो? उलट झोप, न्हाणीघर, गरम पाणी आणि हॉलपासून खोलीचं अंतर यांचा उल्लेख दरपत्रकात कुठेच नसतो. पैसे तिथे घालावेत. एसीचं म्हणाल तर डिसेंबरात घाटमाथ्यावर त्याची गरज नाही, मे महिन्यात किनाऱ्यावर मात्र ती चैन राहत नाही.

आता दुसरी रेषा, म्हणजे खर्च. तिसऱ्या वर्षी आमच्यापुढे दोन जागा होत्या. एक तेच कोकणातलं घरगुती निवास. मालकांनी दोन न्हाणीघरं वाढवली होती आणि दर जुनाच, १,४०० रुपये ठेवला होता. दुसरी होती तालुक्याच्या गावाबाहेरचं एक निवासी प्रशिक्षण केंद्र, कर धरून माणसी १,९०० रुपये. ग्रुपवर लगेच मतं पडायला लागली: “पाचशे रुपये जास्त कशाला?” मी म्हटलं, घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचा खर्च मांडू आणि मग बोलू.

निवासाचे चाळीस जणांचे ५६,००० रुपये. पण शेवटचा सहा किलोमीटरचा रस्ता अरुंद, मोठी बस आत जात नाही. म्हणून सतरा आसनांच्या तीन टेम्पो ट्रॅव्हलर कराव्या लागणार, त्यांचे ४८,०००. हॉल नाही, मांडव, खुर्च्या आणि माइकचे ९,०००. पलंग अठ्ठावीसच, म्हणून बारा गाद्या भाड्याने, १,८००. वीज जाते, जनरेटरच्या डिझेलचे ४,०००. तीन चालकांच्या राहण्या-जेवणाचे २,१००. एकूण १,२०,९००, म्हणजे माणसी ३,०२२ रुपये ५० पैसे. प्रशिक्षण केंद्राचे ७६,०००, एका बसचे ३२,०००, हॉल आणि माइक दरातच, चालकाची सोय केंद्राकडे. एकूण १,०८,०००, म्हणजे माणसी २,७००. पाचशे रुपयांनी स्वस्त दिसणारी जागा तीनशे रुपयांनी महाग निघाली.

प्रत्येक वेळी असंच निघेल असं नाही. बस थेट दारात जात असती तर निवासच स्वस्त पडलं असतं. म्हणून माणसी दर विचारून थांबू नये. शेवटचा रस्ता कसा आहे हे आधी विचारावं. माथेरान याचं टोकाचं उदाहरण. तिथे गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, गावात मोटार नेता येत नाही. चाळीस माणसं आणि साठ बॅगा तिथून हॉटेलपर्यंत पायी, घोड्यावरून किंवा हमालांकरवी न्यायच्या, तोही खर्च आणि तीही दमणूक. दोघा तरुणांच्या सहलीला त्यातच मजा आहे, पण गुडघेदुखीच्या माणसाचा अर्धा दिवस त्यात जातो.

कराची एक बाजू संयोजकांना फार उशिरा कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ज्या खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत आहे तिच्यावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याच्या वर भाडं गेलं की १८ टक्के. हा आकडा खोलीमागे मोजतात, माणसामागे नव्हे. दहा खोल्या प्रत्येकी २,५०० रुपयांच्या घेतल्या तर कर १,२५० रुपये. तेच २५,००० रुपयांत अख्खा बंगला घेतला आणि बिलात तो एकच युनिट म्हणून आला, तर कर ४,५००. ‘कर धरून की वेगळा’ हा प्रश्न तोंडी न विचारता लेखी विचारावा. सोबत अनामत किती आणि परत कधी, माणसं कमी आली तर किती दिवस आधी कळवायचं, खोल्या दुपारी किती वाजता मिळणार आणि सकाळी किती वाजता सोडायच्या, हेही लिहून घ्यावं. सकाळी नऊला पोहोचणाऱ्या गटाला एक वाजेपर्यंत खोल्या मिळणार नसतील, तर प्रवासाने आंबलेल्या माणसांनी चार तास कुठे बसायचं?

हंगामाबद्दल थोडक्यात. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, चातुर्मासात, लग्नाचे नेहमीचे मुहूर्त नसतात. काढीव मुहूर्तांनी आता थोडी गर्दी होते, तरी मंगल कार्यालयं बरीचशी मोकळी असतात आणि भाड्यात घासाघीस चालते. पण कार्यालय हे एका दिवसाच्या गर्दीसाठी बांधलेलं असतं: मोठा हॉल, मोठं स्वयंपाकघर, आणि राहण्यासाठी वधूपक्षाच्या नि वरपक्षाच्या मोजक्या खोल्या. दिवसाच्या मेळाव्याला त्याच्यासारखी जागा नाही. रात्रीसाठी मात्र निम्म्या गटाची घरं त्याच गावात असतील तरच ते घ्यावं. गावातल्या प्रत्येकाने दोन-दोन मित्र घरी नेले की मुक्कामाचा प्रश्नच उरत नाही, आणि गप्पांना तर अशी रात्र दुसरी नाही. एक सूचना: रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. जुनी गाणी माइकवर म्हणायची हौस असेल तर जेवण नंतर ठेवा.

जागा बघायला कुणी जावं, यावर माझं मत ठाम आहे. एक बाई आणि एक पुरुष, शक्यतो गुडघे दुखणारा, यांनी जावं आणि एक रात्र तिथे झोपावं. दुपारी चहा पिऊन, खोल्यांत डोकावून परत येणं म्हणजे बघणं नव्हे. गर्दीच्या शनिवारी गेलं तर उत्तम, कारण जागेची खरी परीक्षा ती भरलेली असतानाच होते. सकाळी सातला वरच्या मजल्यावरचा नळ सोडून बघावा. सगळे गिझर एकदम लावून फ्यूज उडतो का ते बघावं. इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालतात, गिझर चालत नाही, हे लक्षात ठेवून वीज गेली तर पाणी कशावर तापणार ते विचारावं. चुलीवरचा मोठा बंब असेल तर फारच छान. कोकणात एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात, तेव्हा पाणी टँकरचं की विहिरीचं हे मालकांना न विचारता तिथे काम करणाऱ्या मावशींना विचारावं. दिवे घालवून जिना उतरून बघावा. जवळचा दवाखाना किती लांब आहे आणि रात्री उघडा असतो का, हे तिथूनच फोन करून खात्री करावी. या एका रात्रीचा दोघांचा खर्च गटाच्या खात्यातून करावा. आमच्या तिसऱ्या संमेलनात तो सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च होता. केंद्रातल्या तळमजल्यावरच्या सहा खोल्यांतल्या दोन खोल्यांचे कमोड बिघडलेले आहेत, हे त्या मुक्कामात कळलं आणि तारखेआधी दुरुस्त करून घेता आलं.

राहिला प्रश्न कोणाला कोणती खोली द्यायची. अनेक गट इथे सोपा मार्ग काढतात: जास्त पैसे भरेल त्याला एसी खोली, कमी भरेल त्याला हॉलमध्ये गादी. हॉटेलच्या दृष्टीने हे रास्त असेल. स्नेहसंमेलनाच्या दृष्टीने मला ते मान्य नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाने हॉलमध्ये आणि दुसऱ्याने एसीत झोपायचं, हे सकाळी चहाच्या रांगेत सर्वांना दिसतं, आणि हॉलमध्ये झोपलेला पुढच्या वर्षी येत नाही. खोल्या गरजेप्रमाणे वाटाव्यात: तळमजला गुडघेवाल्यांना, संडासाजवळच्या खोल्या रात्री उठणाऱ्यांना, घोरणाऱ्यांना एकत्र, आणि झोप सावध असलेल्यांना कोपऱ्यातली खोली. वर्गणी सर्वांना सारखी आणि कमी ठेवावी. आम्ही १,५०० ठेवली. वरची तूट ज्यांना देणं शक्य आहे त्यांच्याकडून मागावी. कोणी किती दिले हे फक्त खजिनदाराला माहीत असावं, आणि त्याने ते कधीही बोलू नये. बसचं भाडं कुणी भरलं हे आमच्यात आजही कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही.

तिसऱ्या संमेलनाला सत्कार साडेनऊला सुरू झाला. एसटीतला मित्र सपत्नीक आला होता. पहिल्या वेळी संध्याकाळी परत गेलेल्या चौघींपैकी तिघी रात्री राहिल्या. दोन सरांपैकी एक मात्र तोवर गेले होते.

तुमच्याकडे अशी जबाबदारी आली तर अनामत भरण्याआधी एक काम करा. यादीत ज्यांनी ‘बघतो’, ‘जमलं तर येतो’ असं लिहिलं आहे त्यांना एकेकाला फोन करा. ग्रुपवर विचारू नका. आणि आकडा सांगण्याआधी त्यांना विचारा, की किती वर्गणी ठेवली तर तू नक्की येशील, आणि रात्री तुला काय लागतं.